निर्जंतुकतेचा साक्षीदार : एका जीवाणूची आणि एका चौकशीची कथा

इतिहासाच्या शिक्षकाने जीवाणूंवर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांना नवल वाटेल. म्हणून निमित्त आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत दहावीच्या मुलामुलींना धनुर्वात-घटसर्पाची लस टोचण्यासाठी आरोग्यसेविका आल्या होत्या. मुलांच्या रांगेशेजारी आम्ही उभे होतो. एका मुलाने बाही वर करता करता विचारले, "सर, ही सुई निर्जंतुक आहे, हे कशावरून?" त्याला भीती वाटत होती आणि वेळ काढायचा होता, हे उघड होते. सेविकाताईंनी बंद पाकीट दाखवले आणि त्यावरचा मजकूर वाचायला सांगितला. त्याचे समाधान झाले. आमचे झाले नाही. पाकिटावर लिहिले आहे हे खरे, पण लिहिणाऱ्याने तरी ते कशावरून लिहिले?

"कशावरून?" हा इतिहासाच्या अभ्यासातला पहिला प्रश्न आहे. शिलालेख असो, बखर असो वा सरकारी अहवाल असो, सांगणाऱ्याला हे कसे कळले, हे आम्ही विद्यार्थ्यांना विचारायला शिकवतो. त्या दिवशी तोच प्रश्न सुईच्या टोकावर येऊन थांबला. त्याचे उत्तर शोधताना आम्ही एका जीवाणूपाशी पोहोचलो आणि त्याच वाटेवर मुंबईच्या परळमधील प्रयोगशाळेशी निगडित अशी एक जुनी चौकशीही भेटली. त्या दोहोंची ही हकिकत आहे.

सातव्या दिवसाचे मरण

आमच्या थोरल्या भावाला आम्ही पाहिले नाही. तो आमच्या आधी जन्मला आणि आठवडाभरच जगला. आई सांगे, बाळ चांगले गुटगुटीत होते. पाच दिवस अंगावर प्यायले, सहाव्या दिवशी पिणे सोडले, जबडा घट्ट मिटला, अंग धनुष्यासारखे ताठ झाले आणि सातव्या दिवशी ते गेले. नाळ विळ्याने कापली होती आणि बेंबीवर राख व शेण लावले होते. त्या काळी वस्तीतल्या कोणत्याही बाळाच्या बाबतीत हेच होत असे. १९५६ नंतर आमच्या घरातून देव्हारा गेला, तरी "सटवाईने कपाळी तेवढेच लिहिले होते" हे वाक्य आईच्या तोंडी शेवटपर्यंत राहिले.

आज आम्हाला ठाऊक आहे की ते लिहिणे सटवाईचे नव्हते. ती नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणे होती. हा रोग बहुधा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढे दिसू लागतो, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ दगावते आणि म्हणून अनेक देशांत त्याला सातव्या-आठव्या दिवसाचा रोग असेच नाव पडले होते. त्याचा जंतू मातीत, शेणात, गंजलेल्या नव्हे तर अगदी चकचकीत विळ्यावरही असू शकतो. सुईणीच्या हाताला दोष देण्याआधी हेही सांगितले पाहिजे की, गावाची बाळंतपणे जिच्या हातून झाली, तिला हे ज्ञान कोणी दिले नव्हते. बाळंतपणाचे काम विटाळाचे मानून ते तिच्यावर सोपवले गेले. त्या कामाचे शास्त्र मात्र तिच्यापर्यंत पोहोचवले गेले नाही.

भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. गरोदर मातेला लस, दवाखान्यात बाळंतपण, निर्जंतुक पाते आणि बेंबीला काहीही न लावणे, एवढ्या साध्या गोष्टींनी ते घडले. मात्र येथे "उच्चाटन" या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. देवीचा रोग जगातून गेला, तसा धनुर्वात जाऊ शकत नाही. देवीचा विषाणू माणसातच राहत होता. धनुर्वाताचा जंतू जमिनीत राहतो, आणि तो तेथे बीजाणूच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून असतो.

बीजाणू म्हणजे काय?

बहुतेक जीवाणू उकळत्या पाण्यात काही मिनिटांत मरतात. परंतु काही जातींच्या जीवाणूंना एक वेगळी सोय निसर्गाने दिली आहे. अन्न संपले, परिस्थिती प्रतिकूल झाली, की अशा जीवाणूच्या पेशीच्या आत एक लहानशी, जाड कवचाची पेशी तयार होते. तिच्यात जीवाणूचा आनुवंशिक ऐवज सुरक्षित ठेवला जातो, गाभ्यातले बरेचसे पाणी काढून टाकले जाते आणि डायपिकोलिनिक ॲसिड व कॅल्शियम यांचे संयुग तेथे साठवले जाते. मूळ पेशी विरून जाते. उरतो तो बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही, विभागत नाही. अनुकूल ओल, अन्न आणि ऊब मिळाली की तो पुन्हा जीवाणू होतो. बुरशीचे बीजाणू वंशवृद्धीसाठी असतात, जीवाणूचे तसे नाहीत. एका पेशीतून एकच बीजाणू होतो. त्याचे काम केवळ तग धरण्याचे आहे.

आपल्या पंचक्रोशीतील शेतकऱ्याला बीजाणू हा शब्द माहीत नसेल, पण त्यांनी केलेले नुकसान माहीत आहे. जनावरांना होणारा फऱ्या, जनावरांकडून माणसालाही होणारी काळपुळी आणि धनुर्वात हे तिन्ही रोग बीजाणू धरणाऱ्या जंतूंचे आहेत. फऱ्याने मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे, असे पशुवैद्य सांगतात त्याचे कारण हेच. जनावर संपले तरी त्याच्या रोगाचे बीजाणू त्या रानात मागे राहतात.

विज्ञानालाही हा चिवटपणा उशिरा कळला. १८७६ मध्ये फर्डिनांड कोन यांनी गवताच्या काढ्यातील जीवाणूंमध्ये उष्णता सोसणारे बीजाणू दाखवले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जंतूचे जीवनचक्र मांडले. लंडनमध्ये जॉन टिंडाल यांचा अनुभव तर मोठा बोलका आहे. काही मिनिटे उकळून निर्जंतुक होणारे त्यांचे काढे, प्रयोगशाळेत जुन्या वाळक्या गवताची पेंढी आणल्यानंतर तासन्‌तास उकळूनही नासू लागले. गवतावरचे बीजाणू साऱ्या खोलीत पसरले होते. उपकरण तेच, कृती तीच, तरी निकाल वेगळा. पुढे १८७९ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी ऑटोक्लेव्ह हे यंत्र सिद्ध केले. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर आणि हे यंत्र एकाच तत्त्वावर चालतात. उघड्या भांड्यातले पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर आणि बारामतीच्या उंचीवर सुमारे ९८ अंशांवर उकळते. त्याहून अधिक तापत नाही. झाकण बंद करून वाफेचा दाब दर चौरस इंचास १५ पौंडांनी वाढवला की तापमान १२१ अंशांपर्यंत जाते. त्या वाफेत साधारण १५ मिनिटांत बीजाणूही मरतात.

परंतु "मरतात" हे विधान पुन्हा त्याच प्रश्नापाशी येते. यंत्राच्या काट्याने १२१ अंश दाखवले. पण आत, गुंडाळलेल्या कपड्यांच्या मधोमध, हवा अडकून राहिली असेल तर तेथे वाफ पोहोचलीच नसेल. काटा काट्यापुरते खरे बोलतो. कपड्याच्या घडीत काय घडले, हे त्याला माहीत नसते.

परळची प्रयोगशाळा आणि मुल्कोवाल

हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासातून पाहू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन त्यावर लस शोधण्यासाठी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तोकड्या जागेत त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवताना त्यावर तुपाचे थेंब सोडले की त्या थेंबांना लोंबकळून जंतूंची भरघोस वाढ होते, असे त्यांना आढळले होते. ती वाढ उष्णतेने मारून लस तयार केली जाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, ती तारीख १० मार्च १८९७. दोन तारखांमध्ये दोन महिन्यांचे अंतर आहे. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटण्यात आली आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. लस पाच बाटल्यांतली होती. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते एकोणीसही जण दगावले. सर्वांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती. तिच्यावर "५३ एन" अशी खूण होती आणि ती परळमध्ये ४१ दिवस आधी भरली गेली होती. उरलेल्या चार बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

त्या बाटलीत धनुर्वाताचा बीजाणू कोठून आला? शक्यता दोन होत्या. एक, परळला बाटली भरतानाच तो आत गेला. दुसरी, मुल्कोवालला बाटली उघडताना तो गेला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने पहिल्या शक्यतेच्या बाजूने कौल दिला. लसीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत बदलून हाफकिन यांनी उष्णतेने निर्जंतुक करण्याच्या पद्धतीवर भिस्त ठेवली होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ती रूढ असली तरी येथे नवी होती. त्या बदलाकडे बोट दाखवणे सोपे होते. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते इंग्लंडला गेले.

परंतु आयोगासमोरच्या पुराव्यांतच दुसरी बाजू होती. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो रीतसर निर्जंतुक न करता, केवळ कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून, त्याच चिमट्याने ५३ एन बाटलीचे बूच काढले गेले. आणखी एक गोष्ट होती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत ४१ दिवस वाढत राहिले असते तर बूच काढताच दुर्गंधी आली असती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आलेला नव्हता. म्हणजे जंतू जुना नव्हता. तो नुकताच, मुल्कोवालच्या मातीतून आला असण्याचा संभव मोठा होता. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे मुद्दे हिरिरीने मांडले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉस यांच्यासह नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. त्यानंतर हाफकिन दोषमुक्त झाले आणि पुन्हा भारतात रुजू झाले. पण मुंबईत नव्हे, कलकत्त्यात. परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले ते १९२५ मध्ये. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणतो, ती हीच.

या प्रकरणाला काहींनी "छोटे ड्रेफस प्रकरण" असेही म्हटले. हाफकिन ज्यू होते, रशियन साम्राज्यातून आलेले होते आणि ब्रिटिश वैद्यकीय सेवेच्या पंक्तीत बसणारे नव्हते. त्यामुळे आरोप त्यांच्यावर सहज चिकटला, असे अभ्यासक मानतात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १९ माणसे कोणत्या चुकीने मेली, हे सांगू शकेल असा निःपक्षपाती साक्षीदार त्या प्रक्रियेतच ठेवलेला नव्हता. प्रयोगशाळा म्हणत होती, आम्ही नीट तापवले. गावातले पथक म्हणत होते, आम्ही नीट हाताळले. एका शब्दासमोर दुसरा शब्द उभा राहिला, की ज्याचे सामाजिक वजन कमी त्याचा शब्द हरतो. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

चिमटा टाकणाऱ्या मदतनिसालाही आम्ही खलनायक करू इच्छित नाही. शेकडो लोकांची रांग लागलेली असताना हातून वस्तू पडणे मानवी आहे. पडलेल्या वस्तूचे काय करायचे याची सक्त रीत नसणे, हा खरा दोष.

साक्षीदार मिळाला तो असा

१९२० मध्ये अमेरिकेतील संशोधक डोंक यांनी डबाबंद मक्याच्या नासाडीतून एक जीवाणू वेगळा केला. डबे नियमाप्रमाणे तापवलेले होते, फुगलेही नव्हते, तरी आतला मका आंबट झाला होता. कारण असलेल्या जीवाणूला बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस असे नाव मिळाले. २००१ मध्ये त्याची गणना नव्या गणात होऊन तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस झाला. नावाचा अर्थ चरबी व उष्णता यांची आवड असणारा. ५५ ते ६० अंशांवर, जेथे आपला हात क्षणभरही टिकणार नाही, तेथे तो आनंदाने वाढतो. आपल्या शरीराच्या ३७ अंशांवर तो जवळजवळ वाढतच नाही, म्हणून माणसाला त्यापासून रोग होत नाही.

या जिवाचे आपल्या परिसराशीही नाते आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस पणदऱ्याच्या रस्त्याने माळेगाव, सोमेश्वरच्या कारखान्यांकडे जातो. उसाबरोबर मातीही जाते आणि मातीबरोबर अशा उष्णताप्रेमी जातींचे बीजाणू. कारखान्यात रस उकळीच्या आसपास तापवला जातो; त्यात साधे जीवाणू मरतात, पण या जातीचे बीजाणू तग धरू शकतात. चहात घालायच्या साखरेला त्याने काही बिघडत नाही. मात्र डबाबंद खाद्यपदार्थांत जी साखर वापरायची, तिच्यातील उष्णताप्रेमी बीजाणूंची संख्या मोजण्याची वेगळी मानके आहेत. डब्यात एक बीजाणू जगला आणि डबा गरम कोठारात राहिला, तर माल आंबतो.

डबेवाल्या कारखानदारांच्या दृष्टीने हा जीवाणू शत्रू होता. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की जो मरायला सर्वांत अवघड तोच तपासणीसाठी सर्वांत उपयोगी. वाफेने तो मेला, तर त्याहून दुबळे असणारे धनुर्वाताचे बीजाणू, पू करणारे जंतू, विषाणू हे सारे मेले असलेच पाहिजेत. ज्याच्या चिवटपणाचा त्रास होत होता, त्यालाच साक्षीला उभे केले गेले.

पद्धत साधी आहे. कागदाच्या छोट्या पट्टीवर या जीवाणूचे एक लाख ते दहा लाख बीजाणू वाळवून ठेवलेले असतात. ती पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये, जेथे वाफ पोहोचणे सर्वांत कठीण अशा जागी, सामानाच्या पोटात ठेवतात. यंत्र नेहमीप्रमाणे चालवतात. नंतर पट्टी पोषक द्रवाच्या नळीत घालून ५५ ते ६० अंशांच्या उबेत ठेवतात. द्रवाचा रंग जांभळा असतो. एखादा जरी बीजाणू जिवंत राहिला असेल तर तो वाढतो, आम्ल तयार करतो आणि जांभळा रंग पिवळा होतो. जांभळा राहिला तर यंत्राने आपले काम केले.

येथे थोडे गणित करू. १२१ अंशांच्या वाफेत या बीजाणूंची संख्या एकदशांशावर येण्यास साधारण दोन मिनिटे लागतात असे धरा. आरंभी दहा लाख असतील तर दोन मिनिटांनी एक लाख, चारनंतर दहा हजार, सहानंतर एक हजार, आठनंतर शंभर, दहानंतर दहा, बारानंतर एक. चौदा मिनिटांनंतर हिशेब येतो एकदशांश बीजाणू, म्हणजे अशा दहा पट्ट्यांपैकी एकीवर एखादा जिवंत राहण्याची शक्यता. पंधरा मिनिटांचा नियम कोठून आला आणि त्यात सुरक्षिततेसाठी आणखी वेळ का मिळवतात, हे यावरून कळेल. निर्जंतुकता म्हणजे शून्य नव्हे. ती शक्यता किती खाली नेली याचा हिशेब आहे.

या कसोटीत आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच डब्यातली एक पट्टी यंत्रात न घालता बाजूला ठेवतात आणि तीही तशाच नळीत उबवतात. ती पिवळी झालीच पाहिजे. झाली नाही, तर साक्षीदार मुळातच मेलेला होता आणि त्या दिवसाची सारी साक्ष रद्द ठरते. म्हणजे तपासणाऱ्या वस्तूचीही तपासणी. चाचणी घेणाऱ्याच्या अधिकारावर, पदव्यांवर, पाटीवर काहीही अवलंबून राहत नाही.

प्रत्येक पद्धतीसाठी साक्षीदार मात्र वेगळा लागतो. कोरड्या उष्णतेला आणि इथिलीन ऑक्साइड वायूला बॅसिलस ॲट्रोफियस, गॅमा किरणांना बॅसिलस प्युमिलस असे साक्षीदार वापरण्याची प्रथा आहे. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करीत आला आहे. प्लॅस्टिकची सिरिंज १२१ अंशांच्या वाफेत टिकेलच असे नाही. तिला बंद पाकिटातच वायूने किंवा किरणांनी निर्जंतुक करतात. दहावीच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येथे मिळते. पाकिटावर लिहिणाऱ्याने स्वतःच्या विश्वासावर लिहायचे नसते, तपासून सिद्ध झालेल्या प्रक्रियेवर लिहायचे असते.

आपल्या देशात २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांतही या जीवाणूचे नाव आहे. रुग्णालयातील कचरा ज्या ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचा, त्याची तपासणी किमान दहा लाख बीजाणू असलेल्या पट्टीने किंवा कुपीने करावी आणि नोंद ठेवावी, असे ते नियम सांगतात. कचऱ्याचा विचार येथे आवर्जून करावा, कारण तो कचरा ज्यांच्या हातून उचलला जातो ती माणसे बहुतांशी आपल्याच वस्त्यांतली आहेत. डॉक्टरांच्या हातात हातमोजे असतात. पोत्यातली सुई टोचते ती सफाई कामगाराला. पट्टीची नोंद प्रामाणिक असणे हा त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे.

शुद्धीकरण आणि निर्जंतुकीकरण

तालुक्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. तेथील सिस्टरनी आम्हाला नोंदवही दाखवली. प्रत्येक ओळीत तारीख, यंत्राचा क्रमांक, पट्टीचा निकाल, सही. एका ओळीत लाल शाईने "पिवळा" असे लिहिले होते. त्याखाली लिहिले होते की सामान दाटीने भरले होते, तो सारा साठा परत घेतला, पुन्हा निर्जंतुक केला, दुसरी पट्टी जांभळी आली. एका मुलीने विचारले, "ही चूक तुम्ही खोडली का नाही?" सिस्टर म्हणाल्या, "खोडली असती, तर बाकीच्या जांभळ्या ओळींवर तू तरी विश्वास ठेवला असतास का?"

त्या उत्तरापाशी आम्हाला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळे "शुद्ध" केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले, मंत्र म्हटले आणि ते पुन्हा तळ्यात ओतले. पाणी आधी अशुद्ध होते हे कशावरून? नंतर शुद्ध झाले हे कशावरून? ज्या शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, ते ओतून शुद्ध. आणि माणसाच्या ओंजळीने अशुद्ध. त्या शुद्धीकरणाला साक्षीदार नव्हता, बाजूला ठेवलेली पट्टी नव्हती, "पिवळा" असे लिहिण्याची जागाच नव्हती. जी कृती कधी फसूच शकत नाही, तिने काही सिद्धही होत नाही.

निर्जंतुकीकरणात याच्या उलट आहे. तेथे फसण्याची शक्यता मान्य करूनच काम सुरू होते. वस्तू कोणाच्या हातून आली, त्याची जात कोणती, त्याचे पद काय, याचा पट्टीला पत्ता नसतो. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालाम लोकांना दिलेली शिकवण आपण शाळेच्या परिपाठात सांगतो. प्रयोगशाळेतील ही छोटी नळी त्याच शिकवणीचे रोजचे आचरण आहे, असे आम्हाला वाटते.

आमच्या आईला हे सारे समजावून सांगण्याचा योग एकदा आला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा विळा नीट तापवला असता, शेण लावलं नसतं, तर पोरगं राहिलं असतं." आम्ही म्हणालो, "बहुतेक राहिलं असतं, आई." त्यानंतर तिने सटवाईचे नाव घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. कपाळीचे लिहिलेले होते असे मानण्यात एक प्रकारचा दिलासा असतो. तो आम्ही तिच्याकडून काढून घेतला का, हा प्रश्न आम्हाला अजून पडतो. पण तिने आपल्या पहिल्या नातीच्या वेळी सुनेला गरोदरपणीच लस टोचून आणली, दवाखान्यातल्या खोलीबाहेर रात्रभर बसली आणि बेंबीला कोणालाही काही लावू दिले नाही. आमच्या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर ते असावे.

विद्यार्थ्यांसाठी

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. माती कधी निर्जंतुक होणार नाही. म्हणून संरक्षण शरीरातच असले पाहिजे. शेतात खिळा, काटा, विळा लागला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा, त्यावर माती, शेण, हळद, तंबाखू काही लावू नका आणि आरोग्य केंद्रात जा. पुढील प्रश्नांवर वहीत लिहा आणि वर्गात चर्चा करा.

१. कुकरमधील हवा वाफेबरोबर बाहेर गेल्यावरच त्यावर शिटी ठेवावी असे सांगतात. हवा आत राहिली तर काय होईल?

२. आरंभी एक लाख बीजाणू आहेत आणि दर दोन मिनिटांनी ते एकदशांश होतात. एकच बीजाणू उरण्यास किती वेळ लागेल?

३. यंत्रात न घातलेली पट्टी पिवळी झाली नाही, तर त्या दिवशीचा निकाल का मानू नये?

४. मुल्कोवालच्या चौकशीत बाटली उघडताना दुर्गंधी न येणे हा पुरावा कोणत्या बाजूचा होता? कारण द्या.

५. आपल्या घरात "शुद्ध" किंवा "अशुद्ध" म्हटली जाणारी एखादी गोष्ट निवडा. ती तशी आहे हे कशावरून, असे घरातील वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारा आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे लिहून आणा.